हिरवळीचा जमाखर्च

व्यापारी घराण्यातील मुलाला अक्षरओळखीपाठोपाठ जमाखर्चाची ओळख होते. पैसा कोठून आला, कोठे गेला आणि जो गेला तो कामी लागला की वाया गेला, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या वहीतून मिळत नाहीत, त्या वहीवर कोणताही जाणता व्यापारी विसंबत नाही. हीच शिस्त पाण्याला लावण्याची सवय मात्र फार थोड्या घरांत उरली आहे. स्वयंपाकघरातला नळ ठिबकू लागला तर त्याच दिवशी दुरुस्ती होते. परंतु इमारतीपुढच्या हिरवळीवर रोज सकाळी फवारे किती मिनिटे चालतात, त्यात किती लिटर पाणी जाते आणि तेवढ्या पाण्याची त्या गवताला खरोखर गरज आहे काय, असे विचारले तर अध्यक्ष सचिवांकडे बोट दाखवतात आणि सचिव माळ्याकडे. माळ्याचे उत्तर ठरलेले असते: पूर्वीपासून असेच चालू आहे.

एप्रिल उजाडला की या अज्ञानाची किंमत दिसू लागते. घराघरांतील पाणीपुरवठा सकाळ-संध्याकाळ तासाभरावर येतो, टँकरच्या फेऱ्या सुरू होतात, देखभाल-शुल्क वाढवावे की विशेष वर्गणी काढावी यावर सभेत खडाजंगी होते. आणि त्याच पहाटे खाली बागेत फवारे नेहमीप्रमाणे चालू असतात. कोणाचाही हेतू वाईट नसतो. त्या पाण्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो, एवढेच.

एका बागेचे गणित

पाण्याचे मोजमाप वाटते तितके अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी पडले म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडले. पावसाची मोजणी याच मापाने होते आणि बागेचीही याच मापाने करता येते. महाराष्ट्राच्या पठारी भागात उन्हाळ्याच्या ऐन भरात हिरवळीतून आणि खालच्या मातीतून दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी हवेत जाते, असे धरता येईल. समजा, एखाद्या गृहरचना संस्थेची हिरवळ पाच हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटर आहे. तिची उन्हाळ्यातील रोजची खरी गरज ४६५ गुणिले पाच, म्हणजे सुमारे २,३०० लिटर भरते.

शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे माप भारतात सामान्यतः धरले जाते. त्या मापाने ही एक हिरवळ सतरा माणसांचे पाणी पिते. सतरा माणसे म्हणजे चार कुटुंबे. हा झाला केवळ गरजेचा खर्च. फवारा दुप्पट वेळ चालला, तर चार कुटुंबांचे आणखी तेवढेच पाणी मुळांच्या खाली झिरपून, फरसबंदीवरून वाहून अथवा वाऱ्यावर उडून जाते. त्या दुप्पट वापराने दहा हजार लिटरचा एक टँकर दोन दिवसांत संपतो. खऱ्या गरजेपुरता वापर केला तर तोच टँकर चार दिवस पुरतो. असा दुप्पट वापर कोणाला अतिशयोक्ती वाटू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार, तेथील घराबाहेरच्या वापरातील निम्म्यापर्यंत पाणी वारा, बाष्पीभवन आणि सदोष सिंचन यांमुळे वाया जाऊ शकते. जेथे स्वयंचलित यंत्रणा घरोघर आहेत, तेथील ही स्थिती आहे.

हिरवळ ही मुळात जेथे बाराही महिने थोडा थोडा पाऊस पडतो आणि ऊन सौम्य असते, अशा प्रदेशाची शोभा आहे. इंग्लंडमध्ये ती जवळजवळ आपोआप वाढते. जेथे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे असतात, त्या दख्खनच्या पठारावर ती केवळ विकतच्या पाण्यावर जगते. जुन्या वाड्यांच्या परसात तुळस, जास्वंद, पारिजातक, केळ, कढीपत्ता असे आणि त्यांना मोरीचे, भांडी विसळल्याचे पाणी मिळे. ती बाग पाहुण्यांना दाखवण्यासाठी नव्हती; ती घराच्या पाण्याच्या हिशेबात बसवलेली होती.

वाळवंटातील शहराचा धडा

पाण्याच्या बाबतीत नियमन किती दूर जाऊ शकते, हे पाहायचे तर एका अनपेक्षित शहराकडे पाहावे लागते. अमेरिकेतील लास वेगास हे शहर भोगविलासासाठी प्रसिद्ध आहे. श्रावकाने तेथील जीवनपद्धतीचा आदर्श घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु बागेला पाणी देण्याच्या बाबतीत त्या शहराने स्वतःवर घालून घेतलेले निर्बंध एखाद्या व्रतासारखे कडक आहेत.

ते शहर मोहावे वाळवंटात वसलेले आहे. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. दक्षिण नेवाडातील बावीस लाखांहून अधिक वस्तीचे सुमारे नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीतून, हूवर धरणामागील मीड सरोवरातून येते. या नदीच्या वाटपात नेवाडा राज्याच्या वाट्याला वर्षाला तीन लाख एकर-फूट पाणी आले आहे. महाराष्ट्राच्या परिचित भाषेत हे सुमारे तेरा टीएमसी भरते; पुण्याच्या वरच्या बाजूच्या खडकवासला साखळीतील चार धरणांच्या एकत्रित साठ्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्यात एका राज्याचा नदीचा वर्षभराचा वाटा संपतो.

२००२ मध्ये कोलोरॅडोच्या खोऱ्यात तीव्र दुष्काळ पडला आणि तेथील जलप्राधिकरणाने पाण्याचा जमाखर्च नव्याने मांडला. त्यात एक साधी पण निर्णायक गोष्ट समोर आली. घरात वापरलेले पाणी, मग ते स्नानाचे असो वा धुण्याचे, गटारातून प्रक्रिया केंद्राकडे जाते, शुद्ध होऊन पुन्हा मीड सरोवरात सोडले जाते आणि जेवढे परत गेले तेवढे पुन्हा उचलण्याचा हक्क शहराला मिळतो. म्हणजे घरातील पाणी हे जणू उसने दिलेले भांडवल. ते बहुतांशी परत येते. बागेतील पाणी मात्र हवेत जाते आणि कायमचे बुडते. म्हणून शहराने सर्वाधिक कडक नियम लावले ते बागेला.

ते नियम असे आहेत. प्रत्येक घराला, दुकानाला, कार्यालयाला बागेला पाणी देण्याचे वार नेमून दिलेले आहेत. हिवाळ्यात आठवड्यातून एक दिवस, वसंत आणि शरद ऋतूंत तीन दिवस. उन्हाळ्यात सहा दिवस मुभा असते, परंतु सकाळी अकरा ते सायंकाळी सात या वेळेत फवारा लावता येत नाही, कारण त्या वेळी पाणी मातीत मुरण्याआधीच उडून जाते. रविवारी तर वर्षभर बंदी. पाणी रस्त्यावर वाहताना आढळले तर प्राधिकरणाचे निरीक्षक त्याची नोंद करतात; प्रथम सूचना, मग दंड आणि पुन्हा चूक घडली तर वाढता दंड.

केवळ दंडावर मात्र भर नाही. हिरवळ काढून कमी पाण्याची झाडे लावणाऱ्याला प्रत्येक चौरस फुटामागे रोख रक्कम देण्याची योजना त्या प्राधिकरणाने गेली अनेक वर्षे चालवली आहे. त्यामागेही हिशेबच होता. तेथील मोजणीनुसार एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला सुमारे २७६ लिटर पाणी लागते. तेवढ्याच जागेत वाळवंटी झाडे लावून ठिबक बसवले तर सुमारे ६८ लिटर पुरते. प्रत्येक चौरस फुटामागे दोनशे लिटरांहून अधिक बचत होत असेल, तर नवे पाणी दुरून आणण्यापेक्षा ती बचत विकत घेणे प्राधिकरणाला स्वस्त पडते.

२०२१ मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने आणखी एक पाऊल टाकले. दुभाजक, चौक, कार्यालयांचे आवार, वसाहतींच्या प्रवेशद्वाराजवळची पट्टी अशा ठिकाणी जे गवत केवळ शोभेसाठी आहे, ज्यावर गवत कापणाऱ्याखेरीज कोणी पाय ठेवत नाही, त्याला १ जानेवारी २०२७ पासून कोलोरॅडोचे पाणी देता येणार नाही असा कायदा झाला. मुलांची मैदाने, उद्याने आणि स्वतंत्र घरांची अंगणे यांतून वगळली आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी केंद्र सरकारने कोलोरॅडोवरील तुटवड्याची इतिहासातील पहिली घोषणा केली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात मीड सरोवराची पातळी धरण भरल्यापासूनच्या नीचांकाला पोहोचली. तोपर्यंत शहराची सवय मात्र बदललेली होती. २००२ नंतरच्या वीस वर्षांत लोकसंख्या सात लाखांहून अधिक वाढूनही नदीतील पाण्याचा निव्वळ वापर चौथ्या हिश्श्याहून अधिक घटला होता.

या कायद्यातील एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याने गवताला सरसकट दोषी ठरवले नाही. उपयोगाचे गवत आणि निरुपयोगी गवत असा विवेक केला आणि निर्बंध दुसऱ्यावर घातला. श्रावकाचाराशी परिचित असलेल्याला हा विवेक नवा वाटणार नाही.

उशिरा आलेले नियम

भारतात असे नियम बहुधा संकट दाराशी आल्यावर येतात. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत हजारो कूपनलिका आटल्या, तेव्हा तेथील पाणीपुरवठा मंडळाने बागा, वाहने धुणे, बांधकाम आणि कारंजी यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली. मोडणाऱ्याला पाच हजार रुपये दंड आणि पुन्हा मोडल्यास दिवसागणिक आणखी पाचशे रुपये, असे ठरवले. काही कुटुंबांना दंड झालाही. परंतु तोवर टँकरचे दर वाढून बसले होते.

महाराष्ट्राची आठवण याहून बोचरी आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानांच्या हिरवळीला लागणारे पाणी हाच त्या याचिकेतील वादाचा विषय होता. सामने हलवून लातूरची तहान भागणार नाही, असा युक्तिवाद तेव्हा अनेकांनी केला आणि तो हिशेबाच्या दृष्टीने खोटा नव्हता. परंतु एका जिल्ह्याला रेल्वेने पाणी न्यावे लागत असताना त्याच राज्यात गवत हिरवे राखण्यासाठी पाणी ओतले जावे काय, हा प्रश्न केवळ लिटरांचा नव्हता.

हाच प्रश्न लहान रूपात प्रत्येक संस्थेच्या फाटकाशी उभा आहे. टँकर येतो तेव्हा त्याचे पाणी कोठून तरी उपसलेले असते. शहराच्या कडेच्या एखाद्या गावातील विहीर किंवा कूपनलिका त्यासाठी रिकामी होते. त्या गावातील बाई दुपारी त्याच विहिरीत पोहरा सोडते, तेव्हा तिच्या दोरीची लांबी किती वाढली हे टँकरच्या पावतीवर लिहिलेले नसते.

अनर्थदंडाची कसोटी

जैन परंपरेने पाण्याकडे केवळ उपयोगाची वस्तू म्हणून कधी पाहिले नाही. पृथ्वीकाय, अपकाय, तेजस्काय, वायुकाय, वनस्पतिकाय आणि त्रसकाय या षट्कायांत पाणी हे स्वतःच जीवांचे शरीर आहे. पाण्याच्या एका थेंबात असंख्य अपकायिक जीव मानले आहेत. पाणी गाळून घेणे आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी जेथून पाणी काढले त्याच ठिकाणी हळुवार परत सोडणे, ही रीत अनेक घरांतील आजींनी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. पाणी तुपासारखे वापरावे, ही शिकवण गुजराती-मारवाडी जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

गृहस्थाला पाण्याविना राहता येत नाही, हे शास्त्रकारांना पुरते ठाऊक होते. म्हणून त्यांनी गृहस्थाकडून पूर्ण त्याग मागितला नाही, विवेक मागितला. बारा व्रतांतील अनर्थदंडविरमण हे व्रत यासाठीच आहे. अर्थ म्हणजे प्रयोजन. प्रयोजनासाठी होणारी अटळ हिंसा वेगळी आणि काहीही प्रयोजन नसताना घडणारी हिंसा वेगळी. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील एक प्रमादचर्या हा आहे. विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे यांचा त्यात समावेश होतो. पाऊस कोसळत असताना चालू राहिलेला स्वयंचलित फवारा, डांबरी रस्त्याला भिजवणारे तुटके तोंड, भर दुपारी बाष्प होऊन उडणारे पाणी, यांना प्रमादचर्येहून अचूक शब्द सापडणार नाही. त्यात कोणाचे सुख नाही, कोणाची गरज नाही. आहे ती केवळ बेफिकिरी.

भोगोपभोगपरिमाण हे व्रत त्याच्या पुढची पायरी आहे. येथे सप्रयोजन उपभोगालाही माप घालायचे असते. ‘उपासकदशांगा’च्या पहिल्या अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. हा काही दरिद्री मनुष्य नव्हता. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसाराच्या वैभवात गुंतलेल्या, शिवाय चाळीस हजार गाईंचा धनी असलेल्या या गृहस्थाने भगवान महावीरांजवळ व्रते घेतली, तेव्हा स्नानासाठी आठ घडे पाणी एवढी मर्यादा घातली आणि पिण्यासाठी केवळ आकाशातून पडलेले पाणी ठेवले. त्याला पाणी विकत घेणे परवडत नव्हते म्हणून नव्हे. जे परवडते त्यालाच मर्यादा घालायची असते. न परवडणाऱ्या गोष्टीची मर्यादा परिस्थितीच घालते. श्वेतांबर परंपरेत अनेक श्रावक-श्राविका आजही रोज सकाळी चौदा नियम धारतात आणि त्यांच्या जोडीने अपकायाचेही परिमाण ठरवतात. ते परिमाण स्नानगृहापर्यंत येऊन थांबते. बागेपर्यंत जात नाही, एवढीच उणीव आहे.

व्यापाऱ्यांसाठी आणखी एक स्मरण आवश्यक आहे. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवर, डोह आणि तलाव यांचे शोषण हे एक आहे. पाणवठा आटवून मिळणारा लाभ श्रावकाने घेऊ नये, असा त्याचा आशय. विहीर उपसणारा वेगळा, टँकर चालवणारा वेगळा आणि बिल भरणारा वेगळा, म्हणून त्या कर्माचा भार कोणावरच नाही, असे म्हणता येईल काय? करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार करणाऱ्या परंपरेत तरी तसे म्हणता येत नाही.

नियमन प्रत्यक्षात कसे करावे

शास्त्र आणि तंत्र यांची येथे सहज गाठ पडते. शेतकऱ्याच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे: वाफसा. मातीत पुरेशी ओलही आहे आणि मुळांना हवाही मिळते आहे, अशी ती अवस्था. बागेचे सर्व नियमन हे वाफसा टिकवण्यासाठी आहे. चिखल करण्यासाठी नाही.

पहिले काम मोजणीचे. बागेच्या जलवाहिनीवर स्वतंत्र मीटर बसवला की अंदाज संपतो आणि हिशेब सुरू होतो. त्यानंतर सरळ भिंतीचे, सारख्या आकाराचे पाच-सहा पेले हिरवळीवर निरनिराळ्या जागी ठेवून फवारा दहा मिनिटे चालवावा आणि पट्टीने पेल्यांतील पाणी मोजावे. सरासरी दोन मिलिमीटर भरले, तर पाच मिलिमीटरसाठी पंचवीस मिनिटे पुरेत, हे कळते. एका पेल्यात चार आणि दुसऱ्यात अर्धा मिलिमीटर आले, तर दोष वेळेचा नसून तोंडांचा किंवा दाबाचा आहे, हेही त्याच वेळी कळते. या परीक्षेला पाच पेले आणि अर्धा तास एवढाच खर्च येतो.

दुसरे काम वेळेचे. पाणी पहाटे द्यावे, कारण तेव्हा ऊन आणि वारा दोन्ही मंद असतात. रोज थोडे थोडे दिल्याने मुळे वरच्या वर राहतात आणि एक दिवस खंड पडला तरी गवत पिवळे पडते. त्याऐवजी दोन-तीन दिवसांआड पण खोलवर पाणी दिले तर मुळे खाली जातात आणि गवत काटक होते. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते. तेथे वीस मिनिटे सलग फवारा लावला तर निम्मे पाणी वाहून जाण्याचा संभव असतो. तीच वीस मिनिटे, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देऊन, दोन पाळ्यांत विभागावी.

तिसरे काम यंत्राचे. वेळ लावून ठेवलेले साधे यंत्र फक्त घड्याळ ओळखते, ऋतू ओळखत नाही. मे महिन्यात लावलेली वेळ जुलैतही तशीच चालते. त्याला पावसाचा संवेदक जोडता येतो. त्यातील चकत्या पावसाने फुगतात आणि फवाऱ्याचा विद्युतप्रवाह तोडतात, वाळल्या की पुन्हा जोडतात. मातीतील ओल मोजणारे आणि हवामानानुसार वेळ आपोआप बदलणारे नियंत्रकही बाजारात मिळतात. ते घेणे शक्य नसेल, तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माळ्याने आणि कार्यकारिणीच्या एका सदस्याने मिळून वेळ बदलण्याची शिस्तही पुष्कळ काम करते.

चौथे काम विभागणीचे. हिरवळ, झुडपे आणि मोठी झाडे यांची तहान वेगवेगळी असते. त्यांना एकाच झडपेवर ठेवणे म्हणजे एकाला उपाशी ठेवून दुसऱ्याला अजीर्ण करणे होय. झाडाझुडपांना ठिबक लावावे. महाराष्ट्राच्या शेतांत ठिबक पोहोचवण्यात जळगावच्या भवरलाल जैन (१९३७–२०१६) या उद्योजकाचा मोठा वाटा आहे, हे या समाजाला अभिमानाने ठाऊक आहे. जे केळीच्या बागेत रुजले ते संस्थेच्या बागेत रुजू नये, याला कारण नाही. झाडांच्या बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही आणि ओल टिकते. पाचोळा जाळण्यातील हिंसाही टळते.

शेवटचे काम विवेकाचे. जेथे मुले खेळतात, वडीलधारी मंडळी सायंकाळी बसतात, तेवढी हिरवळ ठेवावी. जी पट्टी केवळ भिंतीलगत आहे, तेथे देशी झुडपे लावावीत किंवा ती जागा फरसबंद न करता मोकळी राखावी, म्हणजे पावसाचे पाणी मुरेल. जेथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तेथे बागेला पिण्याचे पाणी मुळीच देऊ नये.

काही आक्षेप

हिरवळ कमी केली तर माळ्याचे काम जाईल, अशी भीती कधी व्यक्त होते. प्रत्यक्षात मीटरची नोंद, ठिबकची साफसफाई, आच्छादन, छाटणी यांमुळे माळी हा नुसता नळी धरणारा न राहता बागेचा जाणकार होतो. त्याला हे शिकवणे आणि त्याप्रमाणे वेतन देणे, हा संस्थेचा धर्म आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: झाडे वाळू देणे हीदेखील हिंसाच नव्हे काय? निश्चितच आहे. हिरवळीच्या फवाऱ्यावर वाढलेली झाडे ती हिरवळ काढल्यावर तहानेली राहतात. झाडे वाळल्याच्या तशा तक्रारी लास वेगासमध्येही झाल्या. म्हणून क्रम चुकता कामा नये. आधी झाडांना स्वतंत्र ठिबक द्यावे, मग भोवतालचे गवत कमी करावे. गवत काढायचे असेल तर तेही पावसाळ्यात, ते जीवजंतूंनी भरलेले असताना काढू नये. आणि नवी बाग करताना, जिचे पोषण पुढची वीस वर्षे करता येईल एवढीच करावी. कारण एकदा लावलेल्या झाडाची जबाबदारी टाळता येत नाही.

तिसरा आक्षेप व्यापारी भाषेत येतो: पाण्याचे पूर्ण पैसे भरले जातात, मग कोणाला विचारण्याचे कारण काय? परंतु टँकरच्या पैशात वाहतूक, डिझेल आणि मालकाचा नफा येतो. भूगर्भातील पाण्याची किंमत त्यात येत नाही. ज्या मालाचे मोल चुकते झालेले नाही, तो माल आपला समजणे, हे अचौर्याणुव्रत पाळणाऱ्याला शोभत नाही.

आणि शेवटी असेही म्हटले जाते की एका बागेने काय होणार. खान्देशात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धत याचे उत्तर देते. तेथे बंधाऱ्याचे पाणी कोणी एकटा घेत नसे. कोणत्या फडात कोणते पीक आणि कोणाची पाळी कधी, हे लाभधारक मिळून ठरवत, आणि पाटकऱ्यापासून जागल्यापर्यंत प्रत्येकाचे काम नेमलेले असे. सरकारी दंडाची वाट न पाहता पाण्याचे नियमन करणारा समाज याच मातीत होता.

चातुर्मासापूर्वी गृहरचना संस्था, धर्मशाळा, स्थानक, मंदिर आणि समाजाच्या शाळा यांच्या सभा होतात, हिशेब मंजूर होतात. त्या हिशेबपत्रकात वीज, सफाई आणि रंगकाम यांच्या ओळींखाली आणखी एक ओळ घालता येईल: बागेला दिलेले पाणी, लिटरमध्ये, मागील वर्षी किती आणि यंदा किती. पहिल्या वर्षी तो आकडा पाहून सभासदांना आश्चर्य वाटेल. तो आकडा सभेपुढे मांडण्याचे काम ज्याने स्वतःहून अंगावर घेतले, त्याने अनर्थदंडविरमणाच्या व्रताला त्या वर्षी थोडा अर्थ दिला, असे म्हणता येईल.